शीत न चाखता भाताची परीक्षा: कक्षेतून मंगळ कसा वाचतात

जुलै १९६५. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाजवळच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काही इंजिनिअर रंगीत खडू घेऊन बसले होते. साधे खडू, चित्रकलेच्या दुकानातून आणलेले. मरिनर ४ हे यान नुकतंच मंगळाजवळून निघून गेलं होतं आणि त्याने काढलेला पहिला फोटो पृथ्वीवर येत होता, तोही आकड्यांच्या रूपात, सेकंदाला जेमतेम आठ बिट अशा गोगलगायीच्या वेगाने. एका फोटोला साधारण आठ तास. संगणकाने त्याचं चित्र करून देईपर्यंत थांबायला कुणाला धीर नव्हता. मग आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या फळीवर शेजारी शेजारी लावल्या, कुठल्या आकड्यांना कुठला रंग ते ठरवलं आणि मंडळी रंगवत सुटली. मंगळाचं जवळून घेतलेलं पहिलं चित्र असं तयार झालं, लहान मुलांच्या रंगवायच्या वहीतल्यासारखं. ते आजही तिथे जपून ठेवलेलं आहे.

मंगळाचे फोटो आपण हल्ली मोबाइलवर सहज बघतो, त्यामुळे एक गोष्ट विसरायला होते: यानाकडून फोटो येत नाही, आकडे येतात. त्या आकड्यांचं चित्र करायचं, तापमान करायचं, की जमिनीखालचा बर्फ ओळखायचा, हे सगळं इथे बसून ठरतं.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. मंगळावर ते काम रोव्हरचं. तो एका ठिकाणी उतरतो, खडक खरवडतो, पूड करून तपासतो. पण क्युरिऑसिटी किंवा पर्सिव्हिअरन्स वर्षानुवर्षं फिरूनही काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटर एवढंच अंतर कापतात, आणि मंगळाचं क्षेत्रफळ जवळजवळ पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीएवढं आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचं उलटं असतं. त्याला सगळं पातेलं दिसतं, पण शीत हातात येत नाही. वाफ किती आहे, वास कसला येतोय, पातेलं कुठे जास्त तापलंय, यावरून आत काय शिजतंय ते सांगायचं.

तर हे जमतं कसं?

आधी कक्षेचं बघू, कारण काय दिसणार हे कॅमेऱ्याइतकंच फिरण्याच्या वाटेवरही ठरतं. नासाचं मार्स रीकॉनिसन्स ऑर्बिटर, थोडक्यात एमआरओ, २००६ सालापासून मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून फिरतंय. एक फेरी पावणेदोन तासांपेक्षा थोडी जास्त. त्याची कक्षा अशी बसवली आहे की ते दिवसाच्या बाजूला ज्या भागावरून जातं, तिथे स्थानिक वेळ नेहमी दुपारी तीनच्या आसपास असते. सावल्या दरवेळी सारख्याच पडतात. त्यामुळे दोन वर्षांच्या अंतराने काढलेल्या फोटोंत काही वेगळं दिसलं, तर जमिनीवर खरंच काहीतरी घडलं आहे, उन्हाचा खेळ नाही, असं म्हणता येतं. तोटाही उघड आहे: सकाळचं धुकं, संध्याकाळचे ढग या यानाला कधी भेटतच नाहीत. संयुक्त अरब अमिरातीचं 'होप' २०२१ मध्ये मुद्दाम वीस हजार किलोमीटरच्या पलीकडच्या कक्षेत गेलं ते त्यासाठी, तिथून दिवसाचे सगळे प्रहर बघता येतात.

आपल्या मंगळयानाची कक्षा फारच लांबट होती. जवळ आलं की सुमारे ४२२ किलोमीटर, लांब गेलं की जवळपास ७७ हजार. एका फेरीला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ. कक्षा लहान करायची तर ब्रेक मारायला इंधन लागतं आणि ते मोजकंच होतं. एमआरओने मंगळाच्या वरच्या विरळ हवेत पुन्हा पुन्हा घासून आपली गती कमी केली, त्याला पाचेक महिने गेले. मंगळयानाने तो खटाटोप केला नाही. त्यामुळे लांबून अख्खा मंगळ, पूर्ण गोल, एका फोटोत टिपणं ही त्याची खासियत झाली. आपल्या दोन हजारांच्या नोटेच्या मागे ते यान होतं. नोट गेली, फोटो राहिले.

ज्याला वाट बघता येते त्याला जास्त दिसतं, हे १९७१ साली सिद्ध झालं. १४ नोव्हेंबरला मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं ते पहिलं यान. आणि खाली बघतो तर काय, सगळा ग्रह धुळीत बुडालेला. कॅमेऱ्याला दिसत होते फक्त चार काळे ठिपके. दोन-तीन आठवड्यांत सोव्हिएत रशियाची मार्स २ आणि मार्स ३ ही यानंही पोचली, पण त्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता, बदलता येण्यासारखा नव्हता. त्यांनी लँडर सोडले ते त्याच वादळात, आणि फोटोंतही बरीचशी धूळच आली. मरिनर ९ ला मात्र पृथ्वीवरून नवा कार्यक्रम देता आला. ते थांबलं. धूळ खाली बसत गेली तसे ते चार ठिपके मोठे होत गेले, आणि लक्षात आलं की हे धुळीच्या वर डोकावणारे ज्वालामुखींचे माथे आहेत. त्यातला सर्वात मोठा ऑलिंपस मॉन्स, सुमारे २२ किलोमीटर उंच. पुढे दिसली चार हजार किलोमीटर लांबीची दरी, तिला मरिनरचंच नाव मिळालं: व्हॅलेस मरिनेरिस. सुकलेल्या नद्यांसारखे पाट दिसले. आधीच्या यानांनी जाता जाता काढलेल्या मोजक्या फोटोंत खड्डेच खड्डे आले होते आणि मंगळ म्हणजे दुसरा चंद्र, असं लोक म्हणू लागले होते. वर्षभर फिरत राहिलेल्या यानाने तो समज मोडला.

आता कॅमेरा. एमआरओवरच्या हायराइज कॅमेऱ्याची दुर्बीण अर्ध्या मीटर व्यासाची आहे आणि तिच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे सुमारे तीस सेंटिमीटर दाखवतो. म्हणजे तीनशे किलोमीटरवरून जेवणाचं टेबल आहे एवढं कळेल, ताटं मोजता येणार नाहीत. मात्र खरी कसरत वेगाची आहे. यान सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने धावतंय. तीस सेंटिमीटरची पट्टी त्याच्या नजरेसमोरून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात निघून जाते. एवढ्या वेळात कॅमेऱ्यात प्रकाश येणार तो किती? म्हणून हा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा एकदम अख्खा फोटो काढत नाही. तो जमिनीवरून झाडू फिरवल्यासारखा एकेक ओळ टिपत जातो, आणि तीच ओळ कॅमेऱ्यातल्या एकामागून एक रांगांवरून सरकत जाताना जास्तीत जास्त १२८ वेळा टिपून सगळा प्रकाश एकत्र जोडतो. २००८ च्या मे महिन्यात याच कॅमेऱ्याने फिनिक्स हा लँडर पॅराशूटला लटकून खाली येताना टिपला. एका चालत्या यानाने दुसरं पडतं यान टिपायचं! तो फोटो मी अजून अधूनमधून काढून बघतो.

मात्र या कॅमेऱ्याच्या एका फोटोची रुंदी सहा किलोमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे इतक्या वर्षांत मंगळाचा अगदी थोडा भाग इतक्या बारकाईने बघून झाला आहे.

ठिपका मोठा असला की डोळे कसे फसतात त्याचं उदाहरण जुनं आहे. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ ने सायडोनिया भागातल्या एका टेकडीचा फोटो काढला. ऊन तिरपं होतं, एक बाजू अंधारात, आणि टेकडी हुबेहूब माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली. त्यावर लोकांनी काय काय इमले रचले ते विचारू नका. १९९८ आणि २००१ साली मार्स ग्लोबल सर्व्हेअर या यानाने तीच जागा कितीतरी बारकाईने टिपली. झिजलेली, सपाट माथ्याची टेकडी, बाकी काही नाही. तोच सावधपणा निळसर मंगळाच्या फोटोंबाबतही हवा. ते फोटो खोटे नसतात, पण त्यातला रंग खडकाखडकांतला फरक उठून दिसावा म्हणून मुद्दाम ताणलेला असतो. पासष्ट सालच्या खडूंचाच हा धाकटा भाऊ.

डोळ्यांना न दिसणारा उजेड

डोळ्यांना दिसतो त्या उजेडापेक्षा न दिसणारा उजेड जास्त बोलका असतो. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायचं, तरी रात्री अकराला गादीखालून धग लागायची. शेजारी बांधकामाच्या वाळूचा ढीग असायचा, तो मात्र दिवस मावळल्यावर थोड्याच वेळात गार. दुपारी दोन्ही सारखेच पोळायचे. घट्ट दगड उष्णता आत धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. सुटी वाळू आणि धूळ झटकन तापते, झटकन निवते. मार्स ओडिसी यान २००१ पासून हेच बघतंय. अवरक्त कॅमेऱ्याने, म्हणजे उष्णतेचा न दिसणारा उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, मंगळाचा तोच भाग दिवसा आणि रात्री बघायचा. रात्रीही ऊबदार राहिला तर खाली खडक, पार गारठला तर धुळीचा थर. लँडर कुठे उतरवायचा हे ठरवताना हा नकाशा समोर असतोच, कारण पाय रुतेल अशी धूळ नको आणि पाय मोडेल असे धोंडेही नकोत.

खडक कसला आहे हे उजेडाचे रंग सुटे करून कळतं. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातले काही ठरावीक रंग गिळतं आणि बाकीचे परत पाठवतं. परतलेल्या प्रकाशाची पट्टी, म्हणजे वर्णपट, पसरली की गिळलेल्या रंगांच्या जागी खाचा दिसतात. कोकणातला जांभा तांबडा का, तर त्यातलं लोहाचं ऑक्साइड निळा-हिरवा प्रकाश खातं. मंगळाची धूळही त्याच कारणाने तांबडी. पण हा वरचा लेप झाला. धूळ उडालेल्या जागी खाली दिसतो तो बराचसा बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या कुळातला, त्याच कुळातला. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जगभरचे मंगळ-अभ्यासक येतात ते याच नात्याने. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बसाल्टवर अशनी आदळून झालेलं आहे, आणि पृथ्वीवर अशी विवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बसाल्टवर आघात झाला की त्याच्या वर्णपटात काय बदलतं, हे लोणारच्या दगडावर तपासून घेता येतं.

युरोपच्या मार्स एक्स्प्रेसवरच्या आणि एमआरओवरच्या वर्णपटमापकांना मंगळावर कितीतरी ठिकाणी चिकणमातीची खनिजं सापडली. चिकणमाती पाण्याशिवाय होत नाही, आणि पाणीही बराच काळ मुरावं लागतं. जेझेरो विवरात तिच्या खुणा होत्या, शिवाय नदीच्या मुखाशी साचतो तसा गाळाचा पंखाही स्पष्ट दिसत होता. म्हणून २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हिअरन्स तिथे उतरवला. गंमत अशी की विवराचा तळ तळ्यातल्या गाळाचा असेल असा अनेकांचा होरा होता, पण रोव्हरने घासून बघितल्यावर तो लाव्हा-मॅग्मापासून झालेला खडक निघाला. गाळाचा पंखा मात्र गाळाचाच. वरून अर्धं बरोबर आलं होतं, अर्ध्यासाठी शीत चाखावं लागलं.

उंची मोजायचा प्रकार त्या मानाने सरळ आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेअरने सेकंदाला दहा वेळा लेसरचा झोत खाली सोडला आणि तो परतायला किती वेळ लागतो ते मोजलं. चारशे किलोमीटर जाऊन-येऊन म्हणजे सेकंदाच्या चारशेव्या भागाहून किंचित जास्त! अशा साठ कोटींहून जास्त मोजण्यांतून मंगळाच्या उंच-सखलपणाचा नकाशा झाला. त्यात एक नवल निघालं. हिवाळ्यात ध्रुवांकडची जमीन दीड-दोन मीटर वर येते आणि उन्हाळ्यात परत खाली जाते. जमीन कसली, ते कार्बन डायऑक्साइडचं हिम. थंडीत मंगळाच्या हवेचा चतुर्थांशाच्या आसपास भाग चक्क गोठून खाली बसतो आणि ऊन लागलं की पुन्हा वायू होऊन हवेत जातो.

बर्फ आहे, पण दाखवा

पाण्याच्या बर्फाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात भक्कम वाटते. मंगळाची हवा विरळ असल्यामुळे अवकाशातले वैश्विक किरण थेट जमिनीवर आदळतात आणि मातीतल्या अणूंमधून न्यूट्रॉन उडवतात. काही न्यूट्रॉन निसटून वर यानापर्यंत पोचतात. वाटेत हायड्रोजन असला तर त्यांचा वेग मंदावतो. कॅरमची सोंगटी तेवढ्याच वजनाच्या सोंगटीवर आपटली की जशी मंदावते तसा, कारण हायड्रोजनच्या अणूचं वजन जवळपास न्यूट्रॉनएवढंच. २००२ मध्ये ओडिसीने ध्रुवांच्या बाजूच्या विस्तीर्ण भागांवर वेगवान न्यूट्रॉन फार कमी असल्याचं नोंदवलं. म्हणजे वरच्या मीटरभर थरात हायड्रोजन भरपूर, आणि एवढा हायड्रोजन म्हणजे बर्फच असणार. हे सगळं गणित. बर्फ कुणी पाहिला नव्हता.

म्हणून फिनिक्स पाठवला. २००८ च्या मे महिन्यात तो ६८ अंश उत्तरेला उतरला आणि जूनमध्ये त्याने खोरं चालवून छोटा चर खणला. काही सेंटिमीटर खाली पांढुरकं काहीतरी लागलं. चराच्या कडेला सोंगट्यांच्या फाशांएवढे काही पांढरे तुकडे पडले होते. मीठ असेल का? चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो काढला, तर तुकडे गायब. मीठ असं उडून जात नाही. त्या थंडीत आणि विरळ हवेत बर्फ मात्र न वितळताच थेट वाफ होऊन उडतो. सहा वर्षांपूर्वी कक्षेतून मांडलेलं गणित चार दिवसांत पटलं.

सगळीकडे असं होत नाही. मार्स एक्स्प्रेसच्या रडारला दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली दीड किलोमीटरवर एक लख्ख प्रतिध्वनी मिळाला, आणि २०१८ मध्ये तिथे द्रव पाण्याचं तळं असल्याचा दावा झाला. बर्फ रेडिओ लहरींना आरपार जाऊ देतो, पाणी त्या परतवतं, हा त्यामागचा तर्क. पण काही प्रकारची चिकणमाती किंवा एकावर एक पातळ थरही तसाच लख्ख प्रतिध्वनी देऊ शकतात, असं इतरांनी दाखवून दिलं. तिथे खणायला कुणी जाणार नाही, निदान इतक्यात तरी नाही.

हवेचं वजन आणि हवेची गळती

हवेचा दाब मोजायची एक युक्ती फार देखणी आहे आणि तिला वेगळं उपकरणसुद्धा लागत नाही. यान फिरत फिरत मंगळामागे जातं तेव्हा त्याचा रेडिओ संदेश तुटतो. पण तुटायच्या अगदी आधी काही क्षण तो मंगळाच्या हवेतून तिरपा येतो आणि किंचित वाकतो. किती वाकला यावरून हवा किती दाट ते निघतं. मरिनर ४ नेच पहिल्यांदा हे केलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तोवर मंगळावर पृथ्वीच्या बाराव्या हिश्श्याएवढा दाब असेल असा अंदाज चालत होता. निघाला शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. नुसत्या पॅराशूटवर मंगळावर उतरता येणार नाही हे त्या दिवशी नक्की झालं.

पुढची यानं क्षितिजावरच्या हवेच्या पातळ कडेकडे बघून थराथरांतलं तापमान आणि धूळ मोजतात. कार्बन डायऑक्साइड किती ऊब बाहेर टाकतोय त्यावरून तापमान, वाफ कुठल्या लहरी खाते त्यावरून वाफ. यातून धुळीचा एक वेगळाच उपद्रव कळला. मोठ्या वादळात धूळ ऊन शोषते, हवा तापते, आणि एरवी खालीच गोठून राहणारी पाण्याची वाफ खूप उंच जाते. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी तिचे तुकडे होतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात सुटतो. २०१८ च्या ज्या वादळाने ऑपॉर्च्युनिटी रोव्हर कायमचा झोपवला, त्या वादळातही वाफ अशीच वर चढलेली आढळली.

ही गळती मोजायला मेव्हन यान सप्टेंबर २०१४ मध्ये, मंगळयानाच्या दोनच दिवस आधी पोचलं. त्याने मात्र माझ्या उपमेचा नियम मोडला. ते दर फेरीत दीडशे किलोमीटरपर्यंत खाली उतरून हवेचे कण थेट उपकरणात ओढून घ्यायचं. वाफेचा वास नव्हे, वाफच चाखायची. सूर्यवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्यातून सतत सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे, मंगळाची हवा सेकंदाला साधारण शंभर ग्रॅम या दराने निसटते आहे असं त्याने मोजलं. आकडा क्षुल्लक वाटेल, पण तो अब्जावधी वर्षांनी गुणायचा, आणि तरुण सूर्य आजपेक्षा बराच तापट होता.

मंगळयानावरच्या मेन्का या उपकरणानेही वरच्या हवेतले कण असेच थेट चाखले आणि अपेक्षेपेक्षा तापलेला आरगॉन नोंदवला. यानाच्या पाच उपकरणांचं वजन मिळून १५ किलोच्या आसपास होतं, आणि मंगळापर्यंत जाऊन दाखवणं हाच मोहिमेचा मूळ हेतू, त्यामुळे विज्ञानाच्या बाबतीत तिच्याकडून एमआरओची अपेक्षा करणं अन्याय आहे. पण सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०२२ पर्यंत बोलत राहिलं, हे विसरू नये. त्यावर मिथेन शोधणारं उपकरण होतं. मिथेनचा निकाल त्यातून निघाला नाही. त्याच मोजमापांतून मंगळाचा कुठला भाग किती प्रकाश परत पाठवतो याचा नकाशा झाला.

मिथेनने चकवलेलं हे एकटंच यान नाही. पृथ्वीवरचा बहुतेक मिथेन जीवसृष्टीतून येतो, गुरांच्या पोटातून, भातखाचरांतून, दलदलीतून. म्हणून मंगळावर तो मिळाला तर खळबळच. मार्स एक्स्प्रेसने २००४ मध्ये अब्जात दहाएक भाग मिथेन असल्याचं म्हटलं. इतक्या अल्प वायूच्या खाचा वर्णपटात कार्बन डायऑक्साइड आणि वाफेच्या खाचांच्या गर्दीत शोधायच्या असतात. मग याच कामासाठी युरोप-रशियाचं ट्रेस गॅस ऑर्बिटर २०१६ मध्ये गेलं. मंगळावर सूर्य उगवताना-मावळताना हवेतून आरपार येणारं ऊन बघायचं, ही त्याची रीत. असा तिरपा प्रकाश लांबलचक हवेतून येतो, त्यामुळे अगदी थोडा वायूही सुटू नये. त्याला मिथेन सापडलाच नाही. असलाच तर अब्जात ०.०५ भागापेक्षा कमी.

आणि इकडे जमिनीवर क्युरिऑसिटी गेल विवरात हवा हुंगून वर्षानुवर्षं सांगतोय की मिथेन आहे, साधारण अब्जात ०.४ भाग, आणि जून २०१९ मध्ये एकदा तर २१. शीत एक सांगतंय, वाफ दुसरंच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की क्युरिऑसिटीची ही मोजणी बहुतेक रात्री होते. त्याला मुद्दाम दुपारी मोजायला लावलं, तर मिथेन जवळजवळ शून्य. रात्री थंड, स्तब्ध हवेत तो जमिनीलगत साचत असेल आणि दिवसा वर विरून जात असेल, असं त्यावरचं एक स्पष्टीकरण. पण सूर्यप्रकाशात मिथेन मोडायला काही शतकं लागतात. रोज थोडाथोडा वर विरत असेल तर एव्हाना तो हवेत साठून यानाला दिसायला हवा होता. तो वाटेत कुठे जातो, की मुळात रोव्हरच्या उपकरणातूनच झिरपतोय, यावर दोन्ही बाजूंची मंडळी अजून भांडताहेत.